छातींतील कफाचा निचरा : कोणता मार्ग कोणास
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत आजारी-भेट मंडळाच्या वतीनें झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या सप्ताहांत आपल्या देवळाचा पाया कोणीं घातला, पहिली शाळा कोणाच्या ओटीवर भरली, कोणत्या पूर्वजांनीं डोक्यावरून दगड वाहिले, हें सर्व आपण आदरानें ऐकिलें. अशा मंगल प्रसंगीं आम्ही उभे राहून खोकला आणि कफ यांवर बोलूं लागलों, तर कोणास तें औचित्याला सोडून आहे असें वाटेल. परंतु आमच्या मंडळाचें काम आजाऱ्यांच्या घरीं जाण्याचें आहे. गेल्या कित्येक वर्षांत ज्या घरांचे उंबरठे आम्हीं ओलांडिले, त्यांपैकीं पुष्कळ घरांत खाटेच्या कडेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून खोकणारें कोणी ना कोणी माणूस आम्हांस भेटलें. त्या माणसांची आठवण या उत्सवांत राहावी, म्हणून हा विषय आम्हीं मुद्दाम मागून घेतला.

आरंभींच सांगतों कीं आम्ही डॉक्टर नव्हे. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनीं जें आम्हांस शिकविलें, आणि आजाऱ्यांच्या उशाशीं बसून जें आम्हीं पाहिलें, तेवढेंच आपणांपुढें ठेवितों.

प्रथम एका आजोबांची हकीकत सांगूं. नांव सांगण्याचें कारण नाहीं. तरुणपणीं त्यांस क्षय झाला होता. औषधें पुरीं घेऊन ते बरे झाले, संसार केला, वाडी राखली. परंतु क्षय गेला तरी छातींत जखमेचा व्रण ठेवून गेला. साठी उलटल्यावर खोकला वाढला. रोज सकाळीं वाटीभर कफ पडूं लागला. ते रविवारीं मिस्सेला येत, पण शेवटच्या बांकावर, दाराच्या अगदीं जवळ बसत. प्रवचनाच्या वेळीं उबळ आली कीं तोंडावर पंचा दाबून बाहेर जात. २०२० सालच्या महामारीनंतर तर खोकणाऱ्या माणसाकडे वळून पाहण्याची लोकांस संवयच लागली. एके रविवारीं पुढच्या बांकावरील चार माणसांनीं एकदम मागें वळून पाहिलें, आणि त्यानंतर आजोबा देवळांत आलेच नाहींत. त्या चौघांत आमच्या मंडळाचेही दोघे होते, हें आज सर्वांसमक्ष कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे.

पुढें आम्ही त्यांच्या घरीं गेलों, तेव्हां कळलें कीं ते खोकला दाबून ठेवण्याचा प्रयत्न करीत असत. दिवसभर दाबावा, आणि रात्रीं तो दुपटीनें उसळावा, असें चाललें होतें. कफ आंत ठेवणें म्हणजे सभ्यपणा, अशी त्यांची समजूत. आणि ती समजूत त्यांची एकट्याची नव्हती, आपणां सर्वांची होती. ती चुकीची कशी, हें समजण्यासाठीं छातीची रचना थोडी पाहिली पाहिजे.

आपल्या श्वासनलिकेला झाडाप्रमाणें फांद्या फुटत जातात, आणि शेवटीं त्या केंसाप्रमाणें बारीक होतात. या नळ्यांच्या आंतल्या बाजूस चिकट द्रवाचा पातळ थर असतो, व त्याखालीं अतिसूक्ष्म केंसांची लव असते. आंत गेलेली धूळ, धूर व जंतु त्या चिकट थरांत अडकतात. आणि ती लव अहोरात्र हालून तो थर वर गळ्याकडे ढकलीत असते. निरोगी माणूस तो नकळत गिळून टाकतो. आपल्या वाडींत विहिरीवरून केळींकडे जाणारा पाट जसा वाहता असला म्हणजे स्वच्छ राहतो, तसेंच हें आहे.

आतां त्या पाटाचे कांठ ढासळले, मध्येंच खड्डे पडले, तर पाणी तुंबून गाळ सांचतो. क्षयानें, लहानपणच्या डांग्या खोकल्यानें किंवा गोंवरानें, अगर वारंवार झालेल्या न्युमोनियानें श्वासनलिकांच्या भिंती सैल व रुंद होतात. त्या रोगास ब्रॉंकिएक्टेसिस म्हणतात. तुंबलेल्या कफांत जंतु वाढतात, जंतूंमुळें सूज येते, सुजेनें भिंती आणखी ढासळतात, आणि मग कफ आणखी तुंबतो. या दुष्टचक्राची कल्पना १९८६ सालीं इंग्लंडांतील पीटर कोल या वैद्यकानें मांडली. या रोगाचें पहिलें स्पष्ट वर्णन मात्र त्याहून पुष्कळ जुनें आहे. तें स्टेथोस्कोपचा जनक रेने लाएनेक यानें १८१९ सालीं केलें. हा फ्रेंच वैद्य मोठा श्रद्धाळू कॅथोलिक होता. दुसऱ्यांच्या छातीचा आवाज ऐकतां ऐकतां तो स्वतः १८२६ सालीं क्षयानें वारला.

हा रोग आपल्याकडे विरळा आहे असें समजूं नये. आपल्या देशांतील ३१ केंद्रांतून २१९५ रुग्णांची नोंद करून २०१९ सालीं एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ३५ टक्के रुग्णांच्या रोगाचें मूळ पूर्वीं होऊन गेलेल्या क्षयांत आढळलें. म्हणजे आमचे आजोबा एकटे नव्हते. याखेरीज विडी-सिगारेटच्या आणि चुलीच्या धुरानें होणारा जुनाट श्वासरोग आहे, ज्यास डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. आपल्या कित्येक आज्यांनीं जन्मांत कधीं विडी ओढली नाहीं, पण चाळीस वर्षें चूल फुंकली. त्यांच्या छातीनें त्याचें मोल दिलें.

तर या तुंबलेल्या कफाचा निचरा करावयाचा कसा? औषधें, फवारे व वाफारे आपापलें काम करतात. पण सांचलेला कफ बाहेर काढण्यासाठीं निराळ्या युक्त्या आहेत. त्या पांच प्रकारच्या आहेत, आणि प्रत्येकीचे गुणदोष आम्ही थोडक्यांत सांगूं.

पहिली युक्ति सर्वांत जुनी : आसन बदलून निचरा करण्याची. लंडनचे डॉक्टर विल्यम एवर्ट यांनीं १९०१ सालीं तिचा पुरस्कार केला. तत्त्व सोपें आहे. बाटली उपडी केली कीं आंतला मध खालीं उतरतो, तसा फुप्फुसाचा जो भाग भरला असेल तो वर येईल अशा बेतानें रुग्णास निजवावें, म्हणजे कफ मोठ्या नळीकडे ओघळतो. त्याबरोबर दुसऱ्या माणसानें हाताची ओंजळ करून पाठीवर व बरगड्यांवर, कपड्यावरून, हलकें थोपटावें. कण्यावर, पोटावर किंवा मूत्रपिंडांच्या जागीं थोपटूं नये. जेवणानंतर लगेच हें कधींही करूं नये. निदान दीड-दोन तास जाऊं द्यावेत. या युक्तींत रुग्णास स्वतः फारसें कांहीं करावें लागत नाहीं, म्हणून लहान मुलांस व अशक्त माणसांस ती सोईची पडते. पण तिचे दोष दोन. एक, दुसरें माणूस रोज मोकळें पाहिजे. दुसरा, डोकें खालीं करून निजल्यानें धाप वाढते, पोटांतील आंबट रस वर येतो, आणि हृदयविकाराच्या किंवा वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णास तें बाधतें. ऑस्ट्रेलियांत सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात रोगाच्या वीस तान्ह्या मुलांवर पांच वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, ज्यांचें डोकें खालीं केलें नव्हतें त्यांचीं फुप्फुसें अधिक चांगलीं राहिल्याचें दिसलें. सबब आतां बहुधा सपाट निजवूनच किंवा कुशीवर वळवून हें करितात.

दुसरी युक्ति श्वासाच्या चक्राची. हिला कोणतेंही साधन लागत नाहीं. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयांतील जेनिफर प्रायर व बार्बरा वेबर या फिजिओथेरपिस्ट भगिनींनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७९ सालीं हिच्या मुख्य भागाची परीक्षा करून ती वैद्यक जगापुढें मांडली. हिचे भाग तीन. प्रथम खांदे सैल सोडून, पोटावर हात ठेवून, शांतपणें नेहमींचा श्वास घ्यावा. नंतर तीन-चार वेळां छाती भरून खोल श्वास घ्यावा, सोसेल तर तीन सेकंद आंत धरावा, आणि जोर न लावतां सोडावा. असें केल्यानें हवा बाजूच्या सूक्ष्म वाटांनीं कफाच्या मागें पोंचते. बुचाच्या मागें हवा गेल्याशिवाय बूच निघत नाहीं. पुन्हां थोडा वेळ शांत श्वास. मग तिसरा भाग, ज्यास फिजिओथेरपिस्ट ‘हफ’ म्हणतात. चष्म्याची काच पुसण्याआधीं तोंड उघडून आपण जशी ‘हाऽ’ करून वाफ सोडतों, तसा, पण पोटाच्या जोरानें, श्वास बाहेर टाकावयाचा. मध्यम श्वास घेऊन लांब ‘हा’ केल्यास खोल बारीक नळ्यांतील कफ सरकतो. खोल श्वास घेऊन आखूड ‘हा’ केल्यास वरच्या मोठ्या नळींतील कफ निघतो. एक-दोन वेळां ‘हा’ केल्यावर पुन्हां शांत श्वास घ्यावा. कफ गळ्याशीं आला असें वाटल्यावर मगच खोकावें.

येथें कोणी विचारील, नुसतें जोरानें खोकलें तर काय वाईट? सैल झालेल्या नळ्यांवर खोकल्याचा एकदम दाब पडला कीं त्यांच्या भिंती मिटतात, आणि कफ आंतच कोंडला जातो. आजोबा रात्रभर खोकत आणि तरी छाती मोकळी होत नसे, त्याचें कारण हेंच. ‘हफ’ करितांना गळा उघडा राहतो, दाब कमी पडतो, आणि थकवा कमी येतो.

तिसरी युक्ति बेल्जमची. १९६७ सालच्या सुमारास तेथील जाँ शेवालिए यांनीं ती बसविली. हींत कफ प्रथम सुटा करणें, मग गोळा करणें, आणि शेवटीं बाहेर काढणें, असे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यांत जवळजवळ सर्व श्वास सोडून उरलेल्या थोड्या जागेंत श्वासोच्छ्वास करावयाचा. दुसऱ्यांत मध्यम पातळीवर. तिसऱ्यांत भरल्या छातीनें. आंतील घरघर कानानें व हातानें ओळखून वेग ठरवावयाचा असतो. हिला साधन नको, सोबती नको, आसन नको; चालत्या गाडींतही ती करतां येते. परंतु ती शिकण्यास दम लागतो, आणि लहान मुलांस किंवा विसराळू झालेल्या वृद्धांस ती साधणें कठीण. बेल्जममध्येंच गी पोस्तिओ यांनीं कुशीवर निजून, गळा उघडा ठेवून, हळूहळू संपूर्ण श्वास सोडण्याची आणखी एक सोपी रीत काढिली. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश परीक्षेंत ४४ ब्रॉंकिएक्टेसिस-रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटानें दिवसांतून दोनदां ही रीत वर्षभर चालविली, दुसऱ्यानें नुसते अंग ताणण्याचे व्यायाम केले. पहिल्या गटास रोग उसळण्याचे प्रसंग कमी आले.

चौथी युक्ति साधनाची. बाहेर जाणाऱ्या श्वासास थोडा अडथळा करावयाचा, म्हणजे नळ्या उघड्या राहतात आणि हवा कफाच्या मागें जाते. १९८४ सालीं डेन्मार्कमधील वैद्यांनीं यासाठीं मुखवटा वापरल्याचा अहवाल दिला. दाब साधारणपणें पाण्याच्या १० ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो. दहा-पंधरा वेळां फुंकावें, मग दोन-तीन ‘हफ’ करावे, पुन्हां फुंकावें. पुढें स्वित्झर्लंडमध्यें एक चिलमीसारखें लहान उपकरण निघालें. त्यांतील पोलादी गोळी फुंकरीसरशी उड्या मारते, व तिच्या थरथरीनें कफ सुटण्यास मदत होते. याच तत्त्वावर गरिबाचें साधन म्हणजे पाण्याची बाटली. बाटलींत सुमारें १० सेंटिमीटर पाणी घालून, तळापर्यंत पोंचणारी नळी सोडून तींतून बुडबुडे काढावयाचे. पण बाटलीचें तोंड मोकळें पाहिजे, नळी फार बारीक नसावी, पाणी रोज बदलावें, बाटली धुवून वाळवावी, आणि पाणी कधींही वर ओढूं नये. नळी केवढी व पाणी किती, हें प्रथम फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावें. छातीला भोंक पडून हवा बाहेर सांचल्याचा प्रसंग ज्यांस येऊन गेला आहे, ज्यांच्या कानाचा पडदा फाटला आहे, किंवा ज्यांच्या कफांत रक्त येतें, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय फुंकण्याचें कोणतेंही साधन हातीं घेऊं नये.

पांचवी युक्ति यंत्राची. छातीभोंवतीं घालावयाचें एक जाकीट असतें. विजेचें यंत्र त्यांत हवा भरतें व सोडतें, आणि सारी छाती हालवितें. अमेरिकेंतील मिनेसोटा येथील वॉरविक आणि हॅन्सन यांनीं १९९१ सालीं त्याच्या दीर्घकालीन उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. ज्यास हात उचलवत नाहीं किंवा सूचना पाळतां येत नाहींत, अशा कांहीं रुग्णांस तें उपयोगी पडतें. पण किंमत लाखांच्या हिशेबांत आहे, आणि येथें आम्हांस एक दुःखाची गोष्ट सांगावी लागते. आमच्या माहितींतील एका कुटुंबानें, हें यंत्र घेतल्याशिवाय आई वांचणार नाहीं असें एका विक्रेत्यानें सांगितल्यावरून, सुनेच्या बांगड्या गहाण टाकून तें विकत घेतलें. आईस तें जड वाटे, जीव घाबरे. महिन्याभरांत तें कपाटावर गेलें, आणि बांगड्या मात्र अजून सुटल्या नाहींत.

आतां मुख्य प्रश्न : या पांचांत श्रेष्ठ कोणती? हाच प्रश्न शास्त्रज्ञांनीं वारंवार विचारला आहे, आणि मिळालेलें उत्तर फार बोधप्रद आहे. २०१० सालीं इंग्लंडांत सिस्टिक फायब्रोसिसच्या ७५ रुग्णांवर झालेली परीक्षा प्रसिद्ध झाली. त्यांत श्वासाचें चक्र, बेल्जमची रीत, आणि फुंकण्याचीं तीन साधनें, अशा पांच रीती वर्षभर तुलनेस लाविल्या. फुप्फुसांच्या शक्तींत उल्लेखनीय फरक कोणत्याच दोहोंत आढळला नाहीं. २०१३ सालीं कॅनडांतील १२ केंद्रांत १०७ रुग्णांवर फुंकण्याचा साधा मुखवटा आणि महाग जाकीट यांची वर्षभर तुलना झाली. मुखवटा वापरणाऱ्यांस रोग उसळण्याचे प्रसंग वर्षांत सरासरी १.१४ आले, जाकीट वापरणाऱ्यांस २. म्हणजे तेथें स्वस्त साधन महाग साधनाहून सरस ठरलें.

दुसरीही एक बाजू आहे. सी.ओ.पी.डी.चा जोर होऊन रुग्णालयांत आलेल्या ५२६ रुग्णांवर ब्रिटनमध्यें परीक्षा झाली, आणि २०१० सालीं तिचा निष्कर्ष आला कीं अशा सर्वांनाच सरसकट हातानें थोपटण्याचा फायदा होत नाहीं. यावरून हें लक्षांत ठेवावें कीं ज्यांच्या छातींत कफ तुंबतो त्यांच्यासाठीं या युक्त्या आहेत. ज्यांस कोरडा खोकला व नुसती धाप आहे, त्यांस यांचा फारसा उपयोग नाहीं. त्यांनीं डॉक्टरांकडून दुसरा मार्ग विचारावा.

मग निवड कशानें करावी? आम्हांस असें शिकविलें गेलें, आणि अनुभवानें पटलें, कीं जी रीत माणूस रोज करील तीच त्याच्यासाठीं श्रेष्ठ. एकटें राहणाऱ्यानें दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहावें लागेल अशी रीत घेऊं नये. त्यानें श्वासाचें चक्र शिकावें. ज्यास मोजून-मापून काम आवडतें, डोळ्यांपुढें बुडबुडे दिसले म्हणजे उत्साह येतो, त्यास फुंकण्याचें साधन बरें. चिकाटीच्या तरुणास बेल्जमची रीत आयुष्यभर पुरेल. तान्ह्या मुलास आईची मांडी आणि तिचा ओंजळीचा हात. आणि ज्यास झेपेल त्यानें रोज चालावें, कारण चालण्यानें श्वास खोल होतो आणि कफ हालतो. पण ‘हफ’ करणें मात्र सोडूं नये.

कांहीं सामान्य नियम सर्वांस लागू आहेत. सकाळीं एकदां, आणि कफ पुष्कळ असेल तर संध्याकाळींही, दहा ते वीस मिनिटें द्यावींत. दोन फेऱ्यांत ‘हफ’ कोरडा निघाला म्हणजे थांबावें. थकेपर्यंत करूं नये. श्वासनलिका रुंदावणारें औषध डॉक्टरांनीं दिलें असेल तर तें आधीं घ्यावें, मिठाच्या पाण्याचा फवारा सांगितला असेल तर तो त्यानंतर, मग निचरा, आणि फवाऱ्यानें घ्यावयाचें जंतुनाशक औषध असेल तर तें सर्वांच्या शेवटीं, कारण सारवलेल्या जमिनीवरच रांगोळी उठते. कफ झांकणाच्या भांड्यांत टाकावा, वाटेवर थुंकूं नये. कफांत रक्त दिसलें, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावें; ताप आला, कफाचा रंग पालटला किंवा तो एकाएकीं वाढला, तरीही डॉक्टरांकडे जावें. आणि ज्या कोणास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, त्यानें कोणतीही युक्ति सुरू करण्याआधीं सरकारी दवाखान्यांत थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती तेथें विनामूल्य होते. पूर्वीं क्षय होऊन गेलेल्यानेंही तें टाळूं नये, कारण जुना व्रण आणि नवा क्षय यांतील भेद तपासणीनेंच कळतो.

आतां आजोबांकडे परत येऊं. सरकारी रुग्णालयांतील फिजिओथेरपिस्ट बाईंनीं प्रथम त्यांची थुंकी तपासून घेतली, क्षय नव्हता. मग त्यांना श्वासाचें चक्र शिकविलें. पहिल्या दिवशीं ‘हा’ करावयास ते लाजले. घरांतील मुलें हंसूं लागलीं. तेव्हां त्यांची नात पुढें आली, आणि आजोबांच्या समोर बसून स्वतः ‘हा’ करूं लागली. दोघांनीं मिळून खिडकीच्या काचेवर वाफ धरण्याची पैजच लाविली. त्या दिवसापासून रोज पहाटे हा कार्यक्रम सुरू झाला. सकाळच्या मिस्सेच्या दीड तास आधीं ते उठतात, औषधाचा फवारा घेतात, चार-पांच फेऱ्या करितात, भांडें स्वतः धुतात, आणि मग काठी घेऊन निघतात.

त्यांचा खोकला गेला असें आम्ही म्हणत नाहीं. जुना व्रण पुसला जात नाहीं, आणि पावसाळ्यांत दोनदां त्यांस औषधें वाढवावीं लागलीं. पण पूर्वीं खोकला त्यांची वेळ ठरवीत असे. आतां खोकल्याची वेळ ते ठरवितात. गेल्या ३ फेब्रुवारीस, संत ब्लेझ यांच्या स्मरणदिनीं, दोन मेणबत्त्या गळ्याशीं धरून फादर आशीर्वाद देत होते, तेव्हां रांगेंत आजोबा नातीचा हात धरून उभे होते. आशीर्वाद घेऊन ते परतले, आणि दाराजवळच्या बांकाकडे न जातां मधल्या बांकावर बसले. मध्यें एकदां ते खोकले. त्या वेळीं कोणीं मागें वळून पाहिलें नाहीं. शेजारच्या बाईंनीं थोडें सरकून त्यांना ऐसपैस जागा करून दिली, एवढेंच.

बंधुभगिनींनो, आपणांकडे आमचें मागणें मोठें नाहीं. ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे, त्यांनीं सकाळचीं वीस मिनिटें त्याला निवांत मिळूं द्यावींत, आणि त्याच्या ‘हा’ला हंसूं नये, जमलें तर समोर बसून साथ द्यावी. महाग यंत्राच्या मागें लागण्याआधीं फिजिओथेरपिस्टकडे एकवार जावें. घरांत चुलीचा धूर आणि विडी यांना थारा देऊं नये. आणि देवळांत कोणी खोकलें, तर मान न वळवितां थोडें सरकावें. ज्या देवळाचा हा सुवर्णमहोत्सव आपण करीत आहों, त्याच्या मधल्या बांकावर बसण्याचा हक्क खोकणाऱ्यासही आहे.

ज्यांना ही रीत प्रत्यक्ष पाहावयाची असेल, त्यांनीं सभेनंतर आमच्यापाशीं यावें. कोणत्या रुग्णालयांत केव्हां जावें, हें आम्ही सांगूं, आणि सोबत हवी असल्यास सोबतही येऊं.